अण्णांचा थर

फाईलचा फॉरमॅट म्हणजे नुसता डबा, आत भाजी तीच असते, असं मन्मथअप्पांचं ठाम मत होतं. लातूरला त्यांचा विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवायचा छोटा कारखाना. स्टार्टरमधल्या सर्किट बोर्डाचं डिझाईन थोरले भाऊ उमाशंकर अण्णा कॉम्प्युटरवर करत. अण्णा जाऊन दीड वर्ष झालं होतं. जुने बोर्ड संपत आले, तेव्हा अप्पांनी अण्णांची फाईल पहिल्यांदाच स्वतः उघडली.

लेक शिवानी विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन नांदेडलाच नोकरी करत होती. तिनं फोनवर बजावलं होतं, की बोर्ड छापणाऱ्यांना गर्बर फाईलच द्यायची. त्यात बोर्डाचा एकेक थर वेगळा असतो, काय छापायचं अन् काय नाही ते आपल्या हातात राहतं. पण सॉफ्टवेअरनं वीसेक फॉरमॅटची यादी समोर धरली. अप्पांनी सगळ्यात वरचा निवडला, ‘सर्व थर घ्या’वर खूण केली आणि दोनशे बोर्डांची ऑर्डर धाडून दिली.

बारा दिवसांनी भर दुपारी पार्सल आलं. लाईट गेलेली, कामगार जेवायला गेलेले. अप्पांनी पहिला बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला. हिरव्या बोर्डावर पांढरी अक्षरं होती. अक्षरं इंग्रजी, पण बोलत होती मराठी.

‘मन्मथ, इथं हात लावू नको.’

बोर्ड हातातून टेबलावर पडला. जन्मभर अण्णा त्यांना हेच सांगत आले होते. अप्पांनी वाकून पाहिलं, तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत अजून एक ओळ होती.

‘मी इथवर आलो. तू बी ये.’

त्यांनी दुसरा बोर्ड काढला, तिसरा काढला. तीस बोर्ड काढून झाले. सगळ्यांवर तेच आमंत्रण. बाहेर एखादं कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. भिंतीशी ठेवलेली अण्णांची खुर्ची किंचित वळल्यासारखी वाटली, आणि वारा तर कुठंच नव्हता. अप्पांनी शटर लावलं नाही, चप्पलही घातली नाही. एक बोर्ड टॉवेलात गुंडाळून ते थेट घरी आले.

रत्नम्मा वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, चष्मा लावून दोन्ही ओळी सावकाश वाचल्या. बोर्ड उलटून मागची बाजूही नीट पाहिली.

“मला काहीच लिहिलं न्हाई,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं संसार केला म्या, आन बोलवायलेत तुम्हाला.”

अप्पांना ताप भरला. शेवटी वहिनींनीच शिवानीला फोन लावला. शिवानीनं फोटो मागवून पाहिला. मग तिनं समजावून सांगितलं. अण्णा डिझाईनमध्ये स्वतःसाठी अन् अप्पांसाठी टिपा लिहायचे, त्यांचा वेगळा थर असायचा. तो बोर्डावर कधी छापत नसत, यावेळी तोही छापला गेला. हात लावू नको लिहिलंय तिथं चारशे चाळीस व्होल्ट येतात.

“आन तू बी ये?” अप्पांनी पांघरुणातून विचारलं.

“डिझाईन कागदावर छापून तुम्ही दोघं बोर्डाच्या रेषा तपासायचे ना, अप्पा? ते उजवीकडून, तुम्ही डावीकडून. ते तिथवर आले होते.”

अप्पांना आठवलं. ताप उतरला, पण त्या कोपऱ्यातून पुढची रेष कुठं जाते हे पाहायला त्यांचं मन काही होईना. बोर्ड चालू होते, गिऱ्हाइकं खोळंबली होती, त्यामुळं अक्षरांसकट स्टार्टर बाजारात गेले.

आठवड्यानं उदगीरचे दुकानदार महादेवप्पा यांचा फोन आला. जवळच्या एका गावातल्या शेतकऱ्यानं वायर जोडायला पेटी उघडली होती. तेव्हापासून तीन दिवस त्याची मोटार बंद होती आणि घरातलं कुणी विहिरीकडं फिरकत नव्हतं.

“बोर्ड खराब निघाला का?” अप्पांनी विचारलं.

“बोर्ड चांगला हाय. त्या माणसाचं नाव बी मन्मथच हाय.”

अप्पांना स्वतः जावं लागलं. विहिरीच्या काठावर त्यांनी त्या शेतकऱ्याला थरांची सगळी हकीकत सांगितली, त्यानं मान डोलावली, त्याला पटलंसुद्धा. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. उघड्या पेटीसमोर दोन्ही मन्मथ उभे होते, आणि दिवस कलेपर्यंत एकमेकांना अगदी अदबीनं सांगत होते, “न्हाई न्हाई, आधी तुम्ही.”