काखेतली चिंच

टेंभी नाक्याच्या आमच्या आळीत गरोदर बायकांना सल्ला द्यावा तर तो मीच! वय माझं एकोणीस, पदरी तीन वर्षांची एक मुलगी, आणि दुसऱ्या वेळचा सहावा महिना. एवढ्या भांडवलावर मी वैदूला लाजवीन अशा तोऱ्यात वावरत असे. कुशीवर कसं झोपावं, पपई का खाऊ नये, उंबऱ्यावर का बसू नये, सगळं मला तोंडपाठ. अर्धे नियम आजीकडून आलेले. उरलेले माझे मीच केलेले, पण ते मी कोणाला सांगत नसे.

माझी धाकटी जाऊ कलावती तेव्हा सातव्यात होती. आधीची दोन पोटं तिची टिकली नव्हती. दुसऱ्या वेळेनंतर ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून जेवत असे. या खेपेला दिवस राहिले तशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सांगाल ते करीन. पण एवढं हाती लागू दे."

"लागू दे म्हणजे? लागणारच!" मी म्हटलं. "माझं ऐकलंस आणि पोर मांडीवर खेळलं नाही, तर सल्ला देणं सोडून देईन!"

तेव्हापासून ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. उभी राहा म्हटलं की उभी, बस म्हटलं की बसली. एवढी गुणी शिष्या मिळाली की गुरूचं डोकं फिरतं. माझंही फिरलं.

साल अठराशे अठ्ठ्याण्णव, पौषातली अमावास्या, भर दुपारचं सूर्यग्रहण! त्यात ठाण्यात प्लेग. रोज कुठल्या तरी आळीतून रडणं ऐकू यायचं. सरकारी माणसं घरात शिरून आजारी माणूस शोधायची, सापडला की डोलीत घालून खाडीकडच्या प्लेग-इस्पितळाच्या छपरात न्यायची. छपरात गेलेली माणसं सहसा परत येत नसत. म्हणून लोक आपले आजारी कोठीत, माळ्यावर, चाऱ्याखाली दडवत. पण आमच्या घरी कोणी आजारी नव्हतं, आम्हाला कसली भीती?

ग्रहणासाठी मी माजघराची तयारी स्वतः केली. खिडकीला गोधडी, फटींना चिंध्या. आत मांजराला स्वतःची शेपटी दिसली नसती! दोन अंथरुणं घालून कलावतीला बजावलं, "सरळ पडायचं. हलायचं नाही, खाजवायचं नाही. आणि कोणी हाक मारली तरी बोलायचं नाही. ग्रहणात बोललं तर पोर मुकं होतं."

हा शेवटचा नियम माझा. आदल्याच आठवड्यात केलेला.

ती आडवी झाली तेव्हा डावा हात अंगाशी घट्ट धरून होती.

"काय गं, काखेत काय?"

"चिंच," ती शरमून म्हणाली. "मीठ लावलेला गोळा आहे. खाणार नाही जाऊबाई, देवाशप्पथ! नुसता जवळ असू दे. वासाने बरं वाटतं."

चिंचेविना ती घटकाभर राहत नसे. मी परवानगी दिली. वर दोघींच्या अंगावर तीन तीन गोधड्या घातल्या.

पुरुषमंडळी ग्रहणाच्या स्नानाला तलावावर गेली. माझी मुलगी आजोळी होती. घरात आम्ही दोघी आणि ओटीवर जप करणाऱ्या सासूबाई.

ग्रहण लागलं आणि दारावर थाप पडली. गोरा डॉक्टर, दोन शिपाई, एक मराठी कारकून आणि बायकांना तपासायला आणलेली नर्सबाई!

"आत कोण आहे?" कारकुनाचा आवाज.

"कोणी नाही!" सासूबाई घाबरून म्हणाल्या. झालं! भरदिवसा दार बंद, खिडकीला गोधडी, आणि आत कोणी नाही!

मंडळी माजघरात घुसली. कंदील वर झाला. मी डोळे घट्ट मिटले.

"बाई, उठा." कलावती गप्प. "बाई, नाव काय तुमचं?" कलावती दगड!

नर्सबाईने गोधड्या काढून कपाळाला हात लावला. "अंग तापलंय. घामाने भिजलीय."

तीन गोधड्यांखाली बर्फसुद्धा तापला असता!

"शिवू नका हो तिला!" सासूबाई ओरडल्या. "आत्ता तिला कोणी शिवायचं नसतं!"

कारकुनाने ते साहेबाला सांगितलं. साहेब दोन पावलं मागे सरकला.

नर्सबाईचा हात काखेकडे गेला. कलावतीला वाटलं, आपली चिंच चालली! तिने हात असा आवळला की नर्सबाईची बोटं अडकली.

"प्लेगची गाठ आहे!" नर्सबाई किंचाळली. "लिंबाएवढी! दुखतेय म्हणून हात लावू देत नाही!"

आता सांगायलाच हवी ती गोष्ट सांगते. मी शेजारीच होते, हातभर अंतरावर. एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण माझ्या पोटातलं पोर मुकं झालं असतं ना! नियम मीच केला होता, हे मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडेना. तिला उचलीपर्यंत मी गप्प पडून राहिले.

शिपायांनी तिला डोलीत घातलं. ती तरीही गप्प, डोळे मिटलेले, माझा शब्द पाळणारी. तेव्हा मात्र मी ताडकन उठून बसले आणि ओरडले, "चिंच! चिंच आहे ती! चिंच!"

कारकुनाने माझ्याकडे पाहून मान हलवली. "हिला तर वातही झाला, बरळतेय. घ्या हिलाही!"

अशी आमची वरात निघाली. दोन डोल्या, मागून सासूबाई अनवाणी. भर दुपारी तिन्हीसांज झालेली, कावळे झाडांवर परतत होते. मी आभाळाकडे न बघण्यासाठी पदर तोंडावर ओढला आणि पदरातूनही ओरडत राहिले. जितकी ओरडत होते तितके शिपाई भराभर चालत होते!

छपरात डोली उतरवली तेव्हा ऊन पुन्हा लख्ख पडलं होतं. कलावतीने एक डोळा उघडला.

"जाऊबाई, सुटलं का?"

"सुटलं," मी म्हटलं आणि रडायला लागले.

मग तिने हात सैल केला. चिंच जमिनीवर पडली. साहेबाने ती काठीने उलटीपालटी केली, वास घेतला, आणि हसता हसता त्याची टोपी पडली. पण टोपी उचलून त्याने कारकुनाला सांगितलं, छपरात पाऊल पडलं की दहा दिवस मुक्काम. हुकूम म्हणजे हुकूम.

कुडाच्या एका भिंतीआड आम्हाला ठेवलं. पलीकडे आजारी. फटीतून कोलशेतची मालन दिसायची. मिठागरात काम करणारी, सतरा वर्षांची, तीही पोटुशी. तिच्या काखेत खरी गाठ होती.

"बाय, तुमचा कितवा?" तिने पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"माझा दुसरा. तुझा?"

"पयलाच हाय. मना कोन सांगनारा नाय. कुशीवर निजू का उताणी?"

"डाव्या कुशीवर नीज," मी सांगितलं. "आठव्यात जड उचलू नकोस. नवव्यात तूप घे. सुईण आधीच सांगून ठेव."

ती एकेक गोष्ट नीट ऐकत होती. मला तिला नवव्यातलं सांगताना थांबता येईना. कलावतीने उरलेली चिंच धुऊन फटीतून दिली. मालनने ती जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "आता कसा बरा वाटला." तिसऱ्या दिवशी सकाळी तिची जागा रिकामी होती. गेली तेव्हा ती डाव्या कुशीवरच होती, असं झाडूवाली म्हणाली.

अकराव्या दिवशी आम्ही दोघी पायी घरी आलो. प्लेग जावा म्हणून सरकारी माणसांनी घराची कौलं उतरवलेली, भिंतींना चुना फासलेला, आणि आळीतली तीन घरं कायमची बंद.

चैत्रात कलावतीला मुलगी झाली. ग्रहणात उघड्यावर फिरलेल्या बाईचं मूल, म्हणून सगळी आळी बघायला लोटली! गंगुबाई सुईणीने बोटं दोनदा मोजली, ओठ तपासले, कान उलटून पाहिले. काहीच सापडेना. बायका जरा हिरमुसल्याच.

वैशाखात मला मुलगा झाला. मुका नव्हता. चांगला खणखणीत रडायचा. बाराव्या दिवशी गेला. पाळणा बांधून तयार होता.

त्यानंतर मला कोणी काही विचारायला येईना. सगळ्या जणी कलावतीकडे जात. दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस राहिले. दुपारी सगळे निजलेले पाहून मीही तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती, मुलगी मांडीवर झोपलेली.

"कलावती," मी हळूच म्हटलं, "खरं सांग. त्या वेळी तू नेमकं काय काय केलं होतंस?"

तिने सूप खाली ठेवलं.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठे काय केलं जाऊबाई? तुम्ही जे जे सांगितलंत, तेवढंच तर केलं!"