मंदाकिनीबाईंचा पीलिया

पार्लरवाल्या बाया दीड तास खुर्चीत बसवून जे करतात, ते आपण आपल्या ओट्यावर वीस मिनिटांत करून दाखवू, असं मंदाकिनी ढोमणे यांनी गुरुवारी जेवताना जाहीर केलं. मंदाकिनीबाई घरात काही सांगत नसत, जाहीरच करत. ऐकायला दोघं होते. नवरा शेखरराव, रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क, ते भातावर वरण घेत होते. मुलगा निरंजन मोबाइलमध्ये होता.

कारण असं होतं की रविवारी निरंजनला बघायला नागपूरहून मुलीकडची मंडळी येणार होती. मुलगी गंधाली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. फोटो पसंत होता, पत्रिका जुळली होती, दोघांचं महिनाभर फोनवर बोलणं चालू होतं. अडचण मुलीची नव्हती, मुलीच्या आईची होती. मागच्या आठवड्यात शर्मिष्ठाबाई व्हिडिओ कॉलवर दिसल्या, तर मंदाकिनीबाईंना त्या गंधालीची मोठी बहीणच वाटल्या. तुकतुकीत चेहरा, सुरकुती औषधालाही नाही. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात, छोट्या चौकोनात, मंदाकिनीबाईंना स्वतःचा चेहरा दिसला. तो निरंजनच्या आजीचा वाटत होता.

"मग पार्लरमध्ये जाऊन ये ना," शेखरराव म्हणाले.

ते शक्य नव्हतं. रायपूरच्या शंकर नगरच्या मागे गजानन विहार नावाची त्यांची तीन इमारतींची कॉलनी. तिथल्या समस्त बायांना मंदाकिनीबाई बारा वर्षं सांगत आल्या होत्या की आपल्याला असल्या थेरांची गरज नाही. आता पार्लरची पायरी चढायची, तर ती बातमी त्यांच्या आधी घरी पोचली असती.

शुक्रवारी दुपारी घर रिकामं झालं आणि त्यांनी मोबाइल उघडला. पाच व्हिडिओ बघितले. एकीनं बेसन-दही सांगितलं, दुसरीनं मध, तिसरीनं कॉफी, चौथीनं मसूर डाळ आणि पाचवीनं चिमूटभर हळद. प्रत्येकीचं म्हणणं, महिनाभर करा आणि फरक बघा. मंदाकिनीबाईंकडे दोन दिवस होते. त्यांनी सगळं एकाच पातेल्यात घातलं. मग शाळेतलं त्रैराशिक आठवलं. महिन्याला रोज एक चिमूट, तर दोन दिवसांत तेवढाच गुण यायला किती? उत्तर चार चमचे आलं. हळद साधी नव्हती. भावानं वर्ध्याकडून, वायगावहून पाठवलेली होती. तिची नखभर पूड वरणाला पुरे व्हायची.

चेहरा, मान आणि कोपरापर्यंत हात असा सढळ लेप देऊन, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून त्या कूलरसमोर आडव्या झाल्या. पंधरा मिनिटांचा गजर मोबाइलवर लावला होता. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. मे महिन्यातली रायपूरची दुपार, पोटात पराठे आणि समोर कूलर. गजर वाजला, थकला, गप्प बसला. मंदाकिनीबाई उठल्या तेव्हा साडेतीन वाजले होते आणि तोंड उघडायला दोन्ही हातांची मदत लागत होती.

लेप धुतला. पिठल्यासारखं पाणी गेलं, रंग मात्र राहिला. साबण लावून झाला, दूध लावून झालं, खोबरेल तेल लावून झालं. तेलानं उलट चकाकी आली. संध्याकाळी निरंजन घरी आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "मम्मी, ये क्या कर लिया? स्कूल बस दिख रही हो."

शेखररावांनी नागपूरला फोन करून कार्यक्रम पुढे ढकलावा असं सुचवलं. पण मुलीकडच्यांची तिकिटं काढून झाली होती, आणि रविवारपर्यंत रंग उतरेल अशी मंदाकिनीबाईंची खात्री होती. तोवर आपण घराबाहेर पडायचं नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी घंटी वाजली. दूधवाला समजून त्यांनी दार उघडलं, तर समोर रजिस्टर घेऊन राधिका उभी. राधिका ही त्या वस्तीची मितानिन, म्हणजे घरोघरी जाऊन तब्येतीची चौकशी करणारी सरकारी कार्यकर्ती. उन्हाळ्यात काविळीची साथ येते म्हणून तिची फेरी चालू होती. तिनं मंदाकिनीबाईंकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"दीदी, तुमन तो एकदम पिंवरा पड़ गे हव. कब ले?"

कधीपासून पिवळ्या पडलात, याचं खरं उत्तर द्यायला हरकत नव्हती. पण राधिकाच्या मागे, जिन्यात, कचऱ्याची बादली घेऊन समोरच्या पद्मजावहिनी उभ्या होत्या. पार्लरच्या विषयावर मंदाकिनीबाईंचं भाषण त्यांनी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं होतं.

"दोन दिवस झाले," मंदाकिनीबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "बरं नाही थोडं."

राधिकानं विचारलं, थकवा वाटतो का? वाटतो. भूक लागते का? अजिबात नाही, असं चार पराठे जिरवलेल्या मंदाकिनीबाईंनी सांगितलं. मळमळतं का? हव, मळमळतं. ती डोळे बघायला पुढे आली, तेव्हा उजेड सोसत नाही म्हणून त्यांनी पदर ओढून घेतला. राधिकानं रजिस्टरमध्ये 'पीलिया', म्हणजे कावीळ, असं लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि पाणी उकळून प्यायला सांगून ती गेली. पद्मजावहिनींनी कचरा तसाच परत घरात नेला.

दुपारी पद्मजावहिनींना मळमळलं. चारपर्यंत कॉलनीत सात जणांना मळमळत होतं. दुसऱ्या इमारतीतल्या एका गृहस्थांना आपले तळहात पिवळे दिसले. त्यांनी नुकताच आमरस खाल्ला होता, पण त्या क्षणी ते कुणालाच सुचलं नाही. संध्याकाळी भोंगा लावलेली ऑटो फिरली, "गजानन विहार के निवासी कृपया पानी उबालकर पिएं." रविवारी अकराला आरोग्य विभागाची गाडी येणार, सगळ्यांचं रक्त आणि टाकीचं पाणी तपासणार, असं ठरलं.

टाकीचं नाव निघाल्याबरोबर सोसायटीचे सचिव शालिग्राम देवघरे यांची झोप उडाली. टाकी साफ केल्याची नोटीस ते दर दिवाळीला लावत. नुसती नोटीसच लावत. गाडी यायच्या आत रोगीणच बरी झाली तर टाकीवर कोण चढणार, असा विचार करून ते रात्री आठ वाजता शहाळी घेऊन हजर झाले. पीलिया हातानं उतरवणारे बीरगांवचे नत्थू महाराज आपण सकाळी घेऊन येतो, काळजी करू नका, असं सांगून गेले.

"सांगून टाक ना आता, हळद आहे म्हणून," शेखरराव कळवळून म्हणाले.

"आता सांगू? सात जणांले मळमळून राहिलं, आन मी काय सांगू, बेसन लावून झोपली होती म्हणून?"

त्या रात्री मंदाकिनीबाईंना झोप लागली नाही. मुलीकडचे येतील, कॉलनीत साथ पाहतील आणि दारातूनच परत जातील, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. महिनाभर फोनला चिकटलेला निरंजन त्यांनी पाहिला होता. आपल्या चेहऱ्यापायी पोट्ट्याचं लग्न मोडणार, ह्या विचारानं त्यांचा जीव अर्धा झाला.

रविवारी निरंजन स्टेशनवर गेला आणि इकडे साडेदहा वाजता नत्थू महाराज आले. जाडजूड, मिशीवाले, खांद्याला झोळी. त्यांची रीत ठरलेली होती. परातीत चुन्याची निवळी घ्यायची, रोग्याचे हात तीत चोळायचे आणि मंत्र म्हणायचा. हळूहळू पाणी पिवळं व्हायचं आणि लोक हात जोडायचे. ते कसलासा सालीचा रस आधीच तळहाताला चोळून येतात अशी कुजबुज होती, पण बरा झालेला माणूस कुजबुजीत पडत नाही. मंदाकिनीबाईंना पाटावर बसवलं. भोवती देवघरे, पद्मजावहिनी आणि अर्धा जिना जमला. महाराजांनी मंत्र सुरू करून त्यांचे दोन्ही हात निवळीत बुडवले.

पाणी लाल झालं. नुसतं लाल नाही, रक्तासारखं लाल. वायगावच्या हळदीला चुना लागला होता. कुंकू असंच करतात हे जमलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण समोर हळद आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. महाराजांनी वीस वर्षांत पिवळ्याशिवाय दुसरा रंग पाहिला नव्हता. त्यांनी स्वतःचे हात वर उचलले. तेही लाल. मंत्र अर्ध्यात तुटला.

"खून!" पद्मजावहिनी ओरडल्या.

नेमकं त्याच वेळी निरंजन पाहुण्यांना घेऊन दारात आला.

महाराज उठले. "ये पीलिया नहीं है, बाबू. इनको बड़े अस्पताल ले जाओ," असं देवघऱ्यांना सांगून, दक्षिणेचं नावही न काढता, ते पाहुण्यांच्या मधून जिना उतरून गेले. शर्मिष्ठाबाईंना दिसलं ते एवढंच, की आपली होणारी विहीण पिवळीधमक होऊन जमिनीवर बसली आहे आणि तिच्या हातांतून लाल थेंब गळताहेत. त्या नवऱ्याच्या मागे सरकल्या. इतक्या गोंधळातही मंदाकिनीबाईंच्या नजरेतून सुटलं नाही, की प्रत्यक्षातल्या शर्मिष्ठाबाईंना व्यवस्थित सुरकुत्या आहेत आणि केसांचा डाय कपाळावर दोन बोटं खाली उतरला आहे.

गंधालीनं पर्स बाजूला ठेवली आणि परातीपाशी बसली. तिनं मंदाकिनीबाईंचा हात उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "काकू, हात धुवायले आत चला."

स्वयंपाकघराचं दार लोटून तिनं नळ सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "डोळे पांढरेशुभ्र आहेत तुमचे. आन पिवळेपणा कोपरालेच थांबला. कावीळ अशी बाही मोजून येत नाही. किती घातली होती?"

"चार चमचे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. दोन दिवसांत बाहेरच्या माणसाशी बोललेलं ते त्यांचं पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोट्टी हातची जाऊ नये म्हणून केलं गं सगळं. तुझी आई केवढी तरुण दिसत होती फोनवर."

"ते फिल्टर होतं," गंधाली म्हणाली. "तुमच्याशी बोलायच्या आधी तिनं माझ्याकडून लावून घेतलं. मुलाची आई किती साधी आन छान दिसते, असं म्हणून आठ दिवस रडून राहिली. परवा घरीच डाय लावला. ते कपाळ पाहिलं ना तुम्ही?"

मंदाकिनीबाईंनी पाहिलं होतं. आधी त्यांच्या खांद्याला हिसके बसले, मग गंधालीच्या, आणि दोघी तोंडात पदर-ओढणी कोंबून ओट्याला टेकून हसल्या. बाहेर लोकांना वाटलं, आत रडारड चालली आहे.

सगळ्यांना खरं सांगायचं असं ठरवून मंदाकिनीबाई बाहेर आल्या. तोवर आरोग्य विभागाची गाडी लागली होती आणि एक माणूस टाकीवरून उतरला होता. त्याच्या हातात गाळानं भरलेली बाटली होती आणि दुसऱ्या हातात एक जुनी चप्पल. ती टाकीत मिळाली होती. सगळी कॉलनी देवघऱ्यांकडे वळली. देवघरे आकाशाकडे बघत राहिले. मंदाकिनीबाईंनी आजार अंगावर घेतला नसता तर आपण हेच पाणी पीत बसलो असतो, असं कुणीतरी म्हणालं. मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं, गंधालीकडे पाहिलं आणि मिटलं. गंधालीनं चहाचं आधण ठेवलं.

लग्न ठरलं. रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. त्यावरून कॉलनीनं असा अर्थ काढला की नत्थू महाराजांनी रोग मुळासकट ओढून काढला, आणि बीरगांवला त्यांच्याकडची रांग दुप्पट झाली. टाकी खरोखर साफ झाली. आठवड्यानं रंग उतरला आणि सोसायटीच्या सभेत देवघऱ्यांच्याच हातून मंदाकिनीबाईंना शाल मिळाली.

सभेनंतर पद्मजावहिनी जवळ सरकल्या. आजारातून उठल्यावर चेहरा असा कसा उजळला, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

"काही नाही गं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उकळलेलं पाणी. सकाळी उपाशीपोटी, सात दिवस."

चार दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर नागपूरहून शर्मिष्ठाबाईंचा मेसेज आला. तो त्यांनाही कुणीतरी पुढे पाठवलेला होता. 'रायपूरच्या एका महिलेचा अनुभव. सात दिवस उपाशीपोटी उकळलेलं पाणी. डॉक्टरही थक्क.' दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी सहा जणींकडून आला. मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. इतक्या जणी पाठवतात म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असलंच पाहिजे, असं त्यांच्या मनात आलं. त्या उठल्या आणि त्यांनी गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलं.