पुस्तकामागचा माणूस

देवळीत आमच्या शेजारी राहणारे वामनकाका बसत नाहीत. चहा उभ्याने पितात, पोहे उभ्याने खातात, लग्नाच्या पंगतीत ताट हातात घेऊन वाढणाऱ्यांच्या मागेमागे फिरतात. न्हाव्याच्या खुर्चीत इलाज नसतो, तर अर्धी हजामत झाली की उठून दारात जातात, रस्त्यावर कोण चाललंय ते पाहतात आणि परत येतात. बस रिकामी असली तरी दांडा धरून उभे. कोणी "बसा ना" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसून काय दिसते बावा?"

आयुष्यभर ते जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. गाडीत हात खुपसायचा, पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा आणि काहीतरी खोट काढायची. कापूस कितीही चांगला असो, आधी नाक मुरडायचं, ही त्या धंद्याची रीत. शेतकऱ्याचा भाव पाडणारी ही रीत मला मान्य नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर त्यांनी माझ्या सांगण्यालाही नाक मुरडलं. आता नोकरी संपली आहे. नाक सुरूच आहे.

असा हा माणूस दिवसातून एकदाच बसतो. संध्याकाळी, पलंगाशेजारच्या स्टुलावर, मालतीकाकूंसमोर पुस्तक धरून. लकवा झाल्यापासून काकूंचा उजवा हात उचलत नाही आणि जीभ जड झाली आहे. शब्द अडखळतात, समोरचा "काय?" म्हणतो, म्हणून त्या बोलणंच टाळतात. वाचनाचं वेड मात्र होतं तसंच आहे. एकट्या डाव्या हाताने जाड पुस्तक धरायचं आणि पानही उलटायचं, हे जमत नाही. मग काका धरतात. काकूंनी हनुवटी उचलली की पान उलटतात. कधी घाईत दोन उलटतात. एका रहस्यकथेतला खून असाच राहून गेला, आणि सगळी पात्रं का रडताहेत हे काकूंना पुढे बराच वेळ कळेना.

काका स्वतः वाचत नाहीत. पण पुस्तकाचं तोंड काकूंकडे असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज तासभर मलपृष्ठ असतं. आमच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यांनी अशी मागून पाहिली आहेत, आणि त्यांवर ते अधिकाराने बोलतात. एका कादंबरीला मी एकदा निव्वळ खात्यापित्या लोकांची करमणूक म्हटलं, तर काका उभ्याउभ्या म्हणाले, "असं कसं? मानवी नात्यांची तरल गुंफण आहे नं थे."

"आणि मागच्या आठवड्यातली?"

"थे बी तरलच. पन तिच्या मांगच्या फोटोतला लेखक दाढीवाला आहे."

ई-बुक रीडरचा विषय मी काढला. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं यायची. वाचण्यासाठी कोणाला दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागली की माझं डोकं तापतं. मी काकूंना सांगितलं, हलकं यंत्र असतं, उशीवर टेकवायचं, डाव्या अंगठ्याने बटन दाबलं की पान पुढे. अक्षर हवं तेवढं मोठं.

काकूंचे डोळे चमकले. "दुपारी... बी?"

दुपारीही, पहाटेही, मी म्हटलं. काकांनी खिडकीपासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. "पाहू. माल पाह्यल्याशिवाय नाई."

वर्ध्याच्या दुकानात तीन प्रकार होते. पहिलं यंत्र काकांनी डोळे मिटून हातात घेतलं, अंगठ्याने काठ चोळला, वास घेतला. "घसरते."

दुसरं उन्हात नेलं. दुकानदार मागोमाग धावला. "याले रंग नाई," काका म्हणाले.

"काका, हे काळं-पांढरंच असते. डोळ्याले त्रास होत नाही," दुकानदार म्हणाला.

"कापूस बी पांढराच असते. त्यात बी प्रत असते."

तिसरं त्यांनी पालथं केलं आणि बराच वेळ पाठ पाहत राहिले. "याच्या मांगं काहीच लिहून नाई."

"मागं काय लिहायचं, काका?" मी विचारलं.

"मंग धरनाऱ्यानं पाह्यचं काय?"

दुकानदाराला वाटलं, भाव पाडून राहिले. त्याने किंमत उतरवली. मलाही तेच वाटलं. त्याने पुन्हा उतरवली, तोवर काका रस्ता ओलांडून रसवंतीपाशी उभे होते.

मग मी घरपोच मागवलं. ते "लय पातळ" म्हणून परत गेलं. दुसरं आलं, ते "लय चपळ" निघालं. चपळ म्हणजे काय, मी विचारलं. "बटन दाबत नाई तोच पान पलटते. मानसाले जरा सवड पाह्यजे." इकडे मी दारात दिसले की काकू आधी माझ्या हातांकडे पाहायच्या.

ते दुसरं यंत्र परत करायला मी निघाले आणि अंगणातच थांबले. काका फेऱ्या मारत होते.

"काका, हा भावाचा प्रश्न नाही, हक्काचा आहे," मी म्हटलं. "काकूंनी कधी वाचायचं, किती वाचायचं, कुठल्या पानावर थांबायचं, हे तुम्ही कोण ठरवणार? त्यांना भांडता येत नाही म्हणून तुम्ही रोज नवी खोट काढताय."

मला वाटलं, आता नाक मुरडतील. पण ते चालायचे थांबले.

"तुह्यं बरोबर आहे, पोरी. मशीन पयलीच चांगली होती."

"मग नको काऊन म्हटलं?"

त्यांनी घराकडे पाहिलं. "तिले मशीन भेटली का मंग मी कुठी बसू?"

काकांनी माझ्या हातातला खोका काढून घेतला आणि आत गेले.

संध्याकाळी मी यंत्र लावून द्यायला गेले. त्यात एक कादंबरी उतरवून ते काकूंच्या उशीवर टेकवलं. काका सवयीने स्टुलावर येऊन बसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की धरायला काही नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले, उचलले, गुडघ्यांवर ठेवले. काकूंनी अंगठा दाबला. पान गेलं. पुन्हा दाबला. काका उठायला लागले.

"बसा," काकू म्हणाल्या.

त्यांनी पानं मागे घेतली, अगदी सुरुवातीपर्यंत, आणि मोठ्याने वाचायला लागल्या. एकेक शब्द ओढून आणावा तसा येत होता. काका पुढे वाकून ऐकत होते. दुसऱ्याच ओळीत एका जोडाक्षरापाशी काकू अडकल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकल्या, आणि ओशाळून त्यांच्याकडे पाहिलं.

"वाच सावकाश," काका म्हणाले. "मले कुठी जायाचं नाई."