लॅचची तिसरी किल्ली

हे मी सांगायचं नव्हतं. तीन जणांनी मला तसं वेगवेगळं बजावलं आहे: आईने, बाबांनी आणि समोरच्या बायजाकाकूंनी. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही, त्यामुळे माझ्याजवळ सांगितलेलं गुपित बँकेत ठेवल्यासारखं सुरक्षित, असा सगळ्यांचा समज आहे. पण मला बोलू नको एवढंच सांगितलं होतं. लिहू नको असं कोणी म्हटलेलं नाही.

परळच्या खोलीतून आम्ही जुईनगरच्या नव्या कॉलनीत राहायला आलो. परळला आमचं दार रात्री निजतानाच काय ते लागायचं. दिवसभर त्यातून मुलं, मांजरं आणि शेजाऱ्यांच्या वाट्या ये-जा करायच्या. इथे मात्र दाराला लॅच होतं. दार नुसतं ओढलं की खट्‌कन बंद. बाबांनी पहिल्या दिवशी ते इतक्या वेळा ओढून पाहिलं, की खालच्या मजल्यावरचे लोक काय तुटलं म्हणून वर आले.

आमच्याआधी इथे राहणाऱ्या मालतीबाईंनी जाताना आम्हाला दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक आईकडे, एक बाबांकडे. मग बाबा सहज हार्डवेअरच्या दुकानात डोकावले (ते कुठल्याही दुकानात सहज डोकावतात आणि काळजी विकत घेऊन येतात).

"लॅचबरोबर तीन किल्ल्या येतात," घरी येऊन ते म्हणाले. "आपल्याला दोनच मिळाल्या. तिसरी कुठाय?"

"हरवली असेल," आई भाकरी थापत म्हणाली.

"हरवली म्हणजे कोणाला तरी सापडली. आपण लॅच बदलू."

"मला तरी काही गरज वाटत नाही."

"चोराला वाटेल तेव्हा तुला वाटेल का?"

आईने भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. कारण तिसरी किल्ली कुठे आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं. ती बायजाकाकूंच्या कमरेला होती.

आमच्या कॉलनीत नळाला पाणी भर दुपारी बारा वाजता, जेमतेम तासभर येतं. बाबा मुंबईला गोदीत कारकून, आई ठाण्याला एका ऑफिसात टायपिस्ट, मी शाळेत. मग पाणी भरणार कोण? मालतीबाईंच्या वेळेपासूनच मजल्यावरच्या सगळ्या नोकरदार घरांची एकेक किल्ली बायजाकाकूंकडे असते. आई सकाळी नळ उघडा ठेवते आणि पाइप पिंपात सोडून जाते. बारा वाजता काकू किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघतात, एका घरात पिंप भरलं की पाइप हंड्यात, हंडा भरला की नळ बंद, की पुढचं घर. त्यांचे यजमान रोहिदासकाका पावणे गावातल्या कारखान्यात जातात, तेव्हा दुपार त्यांची स्वतःची.

बाबांना हे सांगायचं नाही असं आईने ठरवलं. "किल्ली शेजारी आहे कळलं तर ते आजच परत मागतील. मग पाण्यासाठी मी नोकरी सोडून बसू?" ती म्हणाली. बायजाकाकूंना तर त्यात गंमतच वाटली. "नको सांगूस गो पोरी. त्याला सुखान नांदू दे," असं त्या मला म्हणाल्या.

आणि बाबा खरोखरच सुखाने नांदत होते. संध्याकाळी आले की पिंप भरलेलं. रविवारी ते जेवून घोरत असताना पाणी यायचं आणि जायचं. नळ त्यांनी कधी उघडून पाहिलाच नाही. उलट परळला जाऊन त्यांनी मोठ्या काकांना सांगितलं, "अण्णा, पाणी? दिवसभर." मोठे काका, म्हणजे रावसाहेबकाका, आधीपासून म्हणत होते की खाडीपलीकडे जाणं म्हणजे वेडेपणा आहे. म्हणून बाबांनी त्यांना घर बघायला आणि रविवारी घरी ठेवलेल्या बुद्धवंदनेला अगत्याने बोलावलं. एकदा तर जिन्यात त्यांनी बायजाकाकूंनाच ऐकवलं, "बाई, पाण्याची ओरड करणाऱ्यांचं नियोजन चुकतं." काकूंनी पदर तोंडाला लावला, मान डोलावली आणि आमचं पिंप भरायला गेल्या.

सगळं बिघडवलं ते सुकटीने. काकू गच्चीवर सुकट वाळवतात. एका संध्याकाळी बाबांनी पिंपाचं झाकण उचललं आणि ते हुंगत राहिले.

"सुकट," ते म्हणाले. "आपण तर महिनाभर आणली नाही. घरात कोणीतरी येऊन जातंय."

"सुकट खाल्लेला चोर?" आईने विचारलं.

"चोरांनी काय खायचं नाही?"

वंदनेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बाबांनी रजा टाकली. आई ऑफिसला जाताच सदू सुताराला बोलावून त्यांनी जुनं लॅच काढलं आणि नवं बसवलं. जुनी किल्ली चोराच्या हाती लागू नये म्हणून गटारात टाकली. मग दार ओढून ते भाजी आणायला आणि मोठ्या काकांना बसस्टॉपवर घ्यायला गेले.

मी शाळेतून आले तेव्हा बायजाकाकू आमच्या दाराशी वाकून किल्ली फिरवत होत्या. किल्ली फिरत नव्हती. आत नळ मात्र छान चालला होता.

"असा कसा झाला गो?" त्या म्हणाल्या. "काल लागत होती."

मी लॅचकडे पाहिलं. ते चकचकीत होतं. मी म्हणाले, "बाबांनी बदललं." (काकूंनी मला ते तीनदा सांगायला लावलं. मी इतकी हळू बोलते.)

तोवर दाराखालून पाण्याची एक बारीक जीभ बाहेर आली. मग तिला भाऊबंद आले. आम्ही पायपुसणं लावलं, पोतं लावलं, काकूंनी स्वतःची गोधडीही लावली. पाणी गोधडीला वळसा घालून जिना उतरू लागलं.

खालून बाबांचा आवाज ऐकू आला. "बघा अण्णा, काय ही उधळपट्टी. कोणीतरी नळ उघडा टाकून गेलंय. लोकांना पाण्याची किंमत नाही." एकेक पायरी चढत ते त्या निष्काळजी कुटुंबाला नावं ठेवत होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यावर ते थांबले.

मोठ्या काकांनी धोतर वर धरलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "सीताराम, तू दिवसभर पाणी म्हणालास, तेव्हा मला वाटलं नळाला."

बाबांनी उजवा खिसा पाहिला. डावा पाहिला. वांग्यांच्या पिशवीत हात घालून पाहिला.

"किल्ल्या सुरक्षित आहेत," ते म्हणाले. "तिन्ही. आतल्या खिळ्यावर."

सदू पुन्हा आला आणि सकाळी बसवलेलं लॅच त्याने दुपारी फोडलं. दार उघडलं तेव्हा उद्याच्या वंदनेच्या मेणबत्त्या आमच्या चपलांबरोबर फिरायला निघाल्या होत्या. काकूंनी आधी नळ बंद केला. मग सदूने जुनं लॅच परत बसवलं आणि हात पुढे केला. "चावी द्या साहेब, लावून बघतो."

बाबांनी गटाराच्या दिशेने पाहिलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून त्यांनी सदूच्या हातावर ठेवली. ती एका फटक्यात फिरली.

"ही तुमच्याकडे कशी?" बाबांनी विचारलं.

"मालतीबाईनं दिलती. तुमचा पिंप रोज मीच भरतंय. तुमचा नियोजन हाय ना, ता माज्या कमरेला हाय."

मोठे काका हसले नाहीत, पण त्यांना मिशी फार वेळ पुसावी लागली. बाबांनी सदूकडून किल्ली घेतली आणि मुठीत धरली. ती त्यांच्या खिशात गेली असती तर सोमवारपासून आईचं ऑफिस बंद. मला ते सांगायचं होतं. मी सांगितलंही, पण कोणाला ऐकू आलं नाही.

"परळला आपल्या दाराला दिवसभर कडी तरी लागायची का रे?" मोठे काका म्हणाले.

बाबांनी ओल्या गादीकडे पाहिलं. मग त्यांनी मूठ उघडली. "बायजाबाई," ते म्हणाले, "उद्या पाहुणे पुष्कळ आहेत. हंडेसुद्धा भराल का?"

रविवारी वंदना झाल्यावर बाबा पाहुण्यांना सांगत होते, "तिसरी किल्ली मी मुद्दाम शेजारी ठेवली आहे. सिस्टिम असावी लागते." आईने मान खाली घालून खीर वाढली. रात्री बाबांनी मला जवळ बोलावून सांगितलं, की शनिवारचं घरातच राहू दे. नव्या लॅचच्या तिन्ही किल्ल्या अजून खिळ्यावर सुरक्षित आहेत.

आज शाळेला सुट्टी आहे. आई-बाबा कामावर गेले आहेत. दार मी नीट ओढून घेतलं, खट्‌ झालेलं स्वतः ऐकलं आणि मगच लिहायला बसले. तेव्हा हे कोणी वाचेल अशी मुळीच

"वाचलं मी," बायजाकाकू म्हणतायत. त्या माझ्या पाठीशी उभ्या आहेत, हातात जुडगा आहे. बारा वाजलेले माझ्या लक्षातच आले नाहीत. "बापाचा लिवलंस ता बरा केलंस. पन माज्या सुकटीला कशाला नावा ठेवतंस? ऊठ, पिंप भरून वाहतंय."

उठतेच आहे. फक्त एवढंच लिहून ठेवते की बायजाकाकूंच्या सुकटीचा वास खरं म्हणजे फारच