भिंगरी काही केल्या रडेना

लोकांना रडवणं हा मामाच्या हातचा मळ होता. नाटकात तीस वर्षं तो प्रयोगागणिक मरत आला होता. आणि मरायचा असा, की दारावर तिकिटं फाडणारासुद्धा तिसऱ्या अंकाला नाक पुसत उभा! त्यामुळे चार वर्षांच्या भिंगरीला आज सांभाळशील का, असं बहिणीने विचारलं तेव्हा तो नुसता हसला.

"अगं, आठशे प्रेक्षक मुठीत ठेवतो मी! ही एवढीशी पोर म्हणजे काय?"

"दादा, सकाळी एक उलटी झालीय तिला. लक्ष ठेव."

"निर्धास्त जा!"

बहीण कामावर जायला जिना उतरली आणि एवढ्याशा पोरीने दुसरी उलटी केली, ती नेमकी मामाच्या चपलांत. मग जुलाब सुरू झाले. दहा वाजेपर्यंत घरातले सगळे टॉवेल दोरीवर आणि मामा बादलीपाशी! पोरीचं अंगही कढत लागायला लागलं, तेव्हा मामाची मूठ सैल झाली. त्याने मुलांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"पोटात संसर्ग झालेला दिसतोय," बाई म्हणाल्या. "अंगातलं पाणी कमी होता कामा नये. शू होतेय ना?"

"बाई, इथे सगळाच पूर आलाय! त्यातलं काय कुठलं, कसं सांगू?"

"जीभ ओली आहे का?"

एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला जीभ दाखवणाऱ्या भिंगरीने, जेवणाच्या सुट्टीत कचेरीची खिडकी मिटावी तसे ओठ मिटून घेतले.

"बरं, रडताना डोळ्यांत पाणी येतंय का बघा. कोरडी रडली किंवा मलूल पडली, तर तशीच उचलून आणा. नाहीतर ओआरएस चमच्या-चमच्याने पाजत राहा आणि चार वाजता दाखवा."

मामाने वळून पाहिलं. भिंगरी रडतच नव्हती!

म्हणजे रडवायला हवी. आणि या कामाला त्याच्याइतका लायक माणूस होता कोण? एका हातात ओआरएसचा पेला, दुसऱ्या हातात चमचा घेऊन मामाने आपला सुप्रसिद्ध मृत्यू सुरू केला.

"बाळ... हा अभागी बाप..." एक चमचा. "...तुझं सुख बघायला..." दुसरा चमचा. "...राहणार नाही गं!" मामा थरथरला, कण्हला, सोफ्यावरून गडगडत जमिनीवर आला. भिंगरी उशीला टेकून बघत राहिली, स्पर्धेला परीक्षक म्हणून आल्यासारखी.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू पदराने डोळे टिपत उभ्या. "अहो, कोण गेलं?"

"कोणी नाही! तुम्ही रडू नका काकू, तुमचा उपयोग नाही!"

काकूंच्या मागे कुरिअरवाला हुंदके देत होता. अख्ख्या जिन्यात कोरडे डोळे फक्त भिंगरीचे!

आता मात्र मामाला घाम फुटला. पाणी आटलं ते पोरीच्या अंगातलं, की आपल्या अभिनयातलं? जन्मात पहिल्यांदा त्याने देवाला विनवलं: माझा अभिनय भिकार ठरू दे रे बाबा, पण पोर सुखरूप असू दे!

तो आणखी दोनदा मेला. पेला संपला. उलटी झाली नाही. पण डोळेही भरले नाहीत. शेवटी गुडघे चोळत तो उठला. "थांब भिंगरे, आवाज नीट लागला नाही. आता पुन्हा पहिल्या अंकापासून!"

भिंगरीचा खालचा ओठ पुढे आला. हनुवटी थरथरली. आणि मग तिने असं भोकाड पसरलं, की काकूंच्या मागोमाग आत आलेलं त्यांचं मांजर पलंगाखाली पळालं! गालांवरून टपोरे, घसघशीत थेंब ओघळले. मामाने बोट लावून खात्री केली.

"पाणी! काकू, पाणी आलं!"

"नळाला?" काकू बादली भरायला धावल्या.

आ वासलेल्या तोंडातली जीभही ओली, चकचकीत! मामाने पोरीला उचलून खोलीभर नाचवलं. नाचता नाचता तिने त्याच्या सदऱ्यावर शूही केली. आजवरचे सगळे पुरस्कार त्यापुढे फिके!

चार वाजता बहीण परस्पर दवाखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीचं पोट चाचपलं, कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाल्या, "पाणी कमी झालेलं नाही. ओआरएस चालू ठेवा. फार छान सांभाळलंत हं!"

मामाची छाती वीतभर फुगली. "शेवटी रडवलीच! दगडाला पाझर फोडतो मी."

बहिणीने लेकीचा गाल कुरवाळला. "मामा मेला म्हणून रडू आलं होय गं माझ्या सोन्याला?"

"मेला तेव्हा नाही," भिंगरी म्हणाली. "पुन्हा उठला तेव्हा."