सासूबाईंची गाठ आणि अस्वल वैद्य

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक फार हुशार वैद्य होता. तो मीच. हुशार आहे हेही मीच ठरवलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मी अस्वल. माझ्या गुहेबाहेर पाटी होती : ‘सर्व प्रकारच्या गाठी पाहिल्या जातील.’ आम्ही वैद्य गाठी फळांत मोजतो. आवळ्याएवढी असली तर शेक, लिंबाएवढी असली तर लेप, त्याहून मोठी असली तर चिरा. बहुतेक गाठी साध्याच असतात, त्यामुळे माझं निदान बहुतेक वेळा बरोबर यायचं. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

एक दिवस माझी बायको मधुवंती हळूच म्हणाली, “अहो, आईला गाठ आलीय.”

“कुठे?”

“तिथे.”

“तिथे म्हणजे?”

“बायकांच्या जागी हो. योनीच्या तोंडाशी, डाव्या बाजूला.”

अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती आमच्याच घरावरून पडली असावी.

सासूबाई जांभळाच्या झाडाआड पाठ करून बसल्या. मीही अलीकडे पाठ करून बसलो. मर्यादा म्हणजे मर्यादा. मधुवंती मध्ये उभी राहून इकडचं तिकडे पोचवत होती.

“दुखतं का, विचार.”

“आई, दुखतं का गं?”

“नाही म्हणावं. मऊ आहे. बसताना अडचण होते तेवढी.”

“केवढी आहे?”

“लिंबाएवढी.”

“तिथल्या ग्रंथीत पाणी तुंबलंय,” मी समोरच्या वाळलेल्या पाचोळ्याला सांगितलं. “अशा शंभर गाठींतल्या नव्याण्णव याच असतात.” शंभरावी कशी असते हे मला माहीत नव्हतं. पण ते कुणी विचारलंही नाही.

सहा महिने लेप चालला. लिंबाचं कवठ झालं. मग मी मान वळवून, डोळे मिटून चिरा दिला. पाणी आलं नाही. पूही आला नाही. बुळबुळीत मांसाचा एक मऊ गोळा हाताला लागला. जेवढा लागला तेवढा काढला. खरं म्हणजे तिथेच मी थबकायला हवं होतं.

“हा मुंगीबाईंना दाखवू या का?” मधुवंतीने विचारलं. मुंगीबाई वारुळात बसून मांसाचा कण न् कण पारखायच्या आणि गाठीचं खरं नाव सांगायच्या.

“मुंगी?” मी हसलो. “मुंग्या मी न्याहारीला खातो. त्यांचं मत कसलं घ्यायचं?”

आणि गोळा ओढ्यात टाकला.

वर्षभरात गाठ परत आली. पहिलीपेक्षा दुप्पट. सासूबाईंना बसवेना, लघवी अडू लागली. रात्रंदिवस त्या कण्हायच्या, पण माझी चाहूल लागली की गप्प व्हायच्या. या खेपेला मधुवंतीने मला विचारलंच नाही. आईला घेऊन ती थेट वटवाघूळबाईंकडे गेली. त्या आवाज सोडून, त्याच्या पडसादावरून पोटातलं बघतात. मीही मागोमाग गेलो.

“वैद्यबुवा,” त्या म्हणाल्या, “बाहेर दिसतंय ते डोहातल्या म्हशीचं नुसतं नाक आहे. म्हैस पार ओटीपोटात बसलीय.”

मुंगीबाईंनी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा नेला. सात दिवसांनी त्या आल्या. माझ्यापासून जरा लांबच उभ्या राहिल्या.

“हा मऊ मांसातला दुर्मिळ अर्बुद आहे. सहसा दूर पसरत नाही, जीवही घेत नाही. पण थोडा जरी मागे राहिला तर त्याच जागी पुन्हा वाढतो. मागचा तुकडा मिळाला असता तर तेव्हाच सांगितलं असतं. कुठे आहे तो?”

मी ओढ्याकडे बघत राहिलो.

हत्तीणबाईंनी मोठी शस्त्रक्रिया करून सगळा अर्बुद काढला. सासूबाई वाचल्या. दीड महिना अंथरुणाला खिळून होत्या, आणि आता जन्मभर दरवर्षी वटवाघूळबाईंकडे खेप आहेच.

पुढे वडाखाली सभा भरली. जंगलातल्या पहिल्या दुर्मिळ अर्बुदाचा वैद्य म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. मी दोन्ही घेतलं. वर भाषणही ठोकलं. “मला पहिल्या दिवसापासून शंका होतीच,” असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलल्या.

“जावईबापू, मला लहानपणापासून लाजायला शिकवलं, म्हणून मी पाठ फिरवली. तुम्हाला तर बघायला शिकवलं होतं ना? मग तुम्ही का फिरवलीत?”

मला इतकी लाज वाटली की शाल तिथेच काढून ठेवावी असं वाटलं. पण थंडी होती, म्हणून राहू दिली.

तात्पर्य : जे दुखणं आपण बघतच नाही, ते कायम दुर्मिळ राहतं. आणि सत्कार दुर्मिळ दुखण्याच्याच वैद्याचा होतो. म्हणून बाळांनो, नाव कमवायचं असेल तर बघू नका.