दोन्ही टोकं लाल

त्र्याण्णवच्या दसऱ्याला विश्वजीत दामलेने आयुष्यात पहिल्यांदा आईशी वाद घालायचा नाही असं ठरवलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

एरवी दसरा म्हणजे त्याच्या वर्षभराच्या संतापाचा कळस असे. अग्निबाण सोडणारा देश शिवणयंत्राला कुंकू लावतो, या विचाराने त्याची झोप उडायची. (कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून त्याला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, या वयात झोप अशाच गोष्टींनी उडते.) गेल्या दसऱ्याला त्याने आईला सुनावलं होतं, "यंत्राला फूल वाहण्यापेक्षा दोन थेंब तेल घाल." दमयंतीबाईंनी यंत्राला फूल वाहिलं, तेलही घातलं, आणि मुलाशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

यंदा तसं परवडणारं नव्हतं. साडेअकराला त्याला चिरनेरला स्नेहलच्या वडिलांसमोर उभं राहायचं होतं. स्नेहल म्हात्रे बी.एस्सी.ला त्याच्याबरोबर एकाच वर्गात शिकत होती, आणि आता उभ्या आयुष्यात असावी अशी त्याची इच्छा होती. तिने बजावलं होतं, "साडेअकरा म्हणजे साडेअकरा. दुपारी मला बघायला पेणचे पाहुणे येतायत. त्यांना होकार देण्याआधी बाबा तुझं एकदा ऐकून घेणार आहेत, एवढंच." म्हणजे त्या सकाळी बाबांची फियाट हवी होती आणि आईचा मूडही.

म्हणून सकाळी साडेसहाला आई हळद-कुंकवाचं तबक घेऊन गाडीच्या शेडमध्ये शिरली तेव्हा विश्वजीत दात आवळून हसला.

"विशू, अंधार आहे रे. ओवाळायचं ते अंधारात कसं ओवाळू? दिवे लाव गाडीचे."

विश्वजीतने दिवे लावले.

"अहो, झाकण उघडा. नुसत्या पत्र्याची काय पूजा करायची? जीव आत असतो."

कृष्णकांतरावांनी बॉनेट उघडलं. दमयंतीबाईंनी जीव कुठे असतो ते विचारलं, आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या त्या सज्जन माणसाने बॅटरीकडे बोट दाखवलं. मग बॅटरीला जी हळद लागली आणि जे कुंकू लागलं, ते एखाद्या नव्या नवरीलाही लागलं नसेल. बॉनेटवर झेंडूची माळ चढली, नारळ फुटला. विश्वजीत एक अक्षर बोलला नाही. मनातल्या मनात मात्र त्याने 'यंत्रपूजा आणि आपण' या विषयावर अख्खा लेख लिहिला, आणि त्या तंद्रीत तो श्रीखंड खायला घरात निघून गेला.

बाहेर चांगलं उजाडलं. उन्हात गाडीचे दिवे दिसेनासे झाले. पण दिसत नाही ती गोष्ट नसते असं नाही, हे विश्वजीत स्वतः अकरावीच्या पोरांना दर सोमवारी शिकवत असे.

पावणेदहाला नवा झब्बा घालून त्याने किल्ली फिरवली. गाडीने 'टक्' केलं. पुन्हा फिरवली. या वेळी 'टक्'सुद्धा नाही.

"दिवे कोणी चालू ठेवले?" विश्वजीत गरजला.

"तूच लावलेस ना रे?" आई म्हणाली.

"मी लावले ते तुझ्यासाठी! विझवायचे कोणी?"

"मला कुठे येतात विझवायला? मी निरांजन विझवते फक्त."

ढकलून चालू करावी तर गल्लीच्या तोंडाशी नवरात्राचा मांडव अजून तसाच उभा, कडेने जेमतेम एक गाडी हळू निघेल एवढीच वाट. शेडपासून मांडवापर्यंत वीस पावलं. तेवढ्यात सायकलही वेग घेत नाही. (रस्ता अडवून मांडव घालण्याविरुद्ध विश्वजीतने नगरपालिकेला दोन अर्ज दिले होते. तिसरा त्याने तिथल्या तिथे मनात दिला.) मांडवातला कुमार धावत आला. "सर, आपल्या जनरेटरचा ट्रक आहे ना! त्याची बॅटरी लावू, एका झटक्यात उठेल."

"ट्रक चोवीस व्होल्टचा आहे! गाडी बारा व्होल्टची! झटका म्हणतोस तो गाडीला बसेल!"

"दुप्पट जोरात चालू होईल ना मग?"

हा कुमार पदवीधर होता. विश्वजीतने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बेलपाड्याचा जगन आपल्या टेम्पोतून मांडवाला फुलं घेऊन आला. टेम्पो बारा व्होल्टचा, आणि सीटखाली चिमटे लावलेल्या दोन जाड वायरी. टेम्पो गाडीच्या तोंडाशी आणून जगन उतरला. विश्वजीतने त्याला टेम्पोचं इंजिन बंद करायला लावलं, दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत हे वाकून पाहिलं, आणि वर्गात उभं राहतात तसा उभा राहिला.

"हे बघा, याला एक पद्धत आहे. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला..."

"म्हाईत हाय मास्तर. लाल लालला, काली कालीला." जगन बॅटरीवर वाकला, आणि वाकलेलाच राहिला. "पन हितं तं दोनी लालच हायत."

खरंच होतं. दोन्ही टोकं कुंकवाने माखली होती. प्लस-मायनसच्या खुणांवर हळदीचा थर होता आणि त्यावर अक्षता चिकटल्या होत्या. विश्वजीतने खिशातून रुमाल काढला.

"खबरदार!" दमयंतीबाई कडाडल्या. "कुंकू पुसायचं? सणाच्या दिवशी? माझ्यादेखत?"

"आई, ते बॅटरीचं कुंकू आहे!"

"कोणाचं का असेना. मी लावलंय. मी सवाष्ण बाई आहे."

कृष्णकांतराव हळूच म्हणाले, "विशू, राहू दे. मी अजून आहे." आणि आपण आहोत हे दिसावं म्हणून एक पाऊल पुढे आले.

"म्हणजे एका बॅटरीसाठी बाबांचं आयुष्य..." विश्वजीतचा आवाज चिरकला. एक पुसणं, फक्त एक! सगळी विज्ञाननिष्ठा त्या रुमालाच्या टोकाशी येऊन थांबली होती. समोर आई उभी होती, तिच्या हनुवटीला कंप सुटला होता. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

विश्वजीतने रुमाल खिशात ठेवला. "मला एक बटाटा दे," तो म्हणाला.

"श्रीखंडाने नाही का पोट भरलं?"

बटाट्यात तांब्याच्या दोन तारा खुपसायच्या, त्यांची दुसरी टोकं बॅटरीला लावायची. प्लसच्या तारेभोवती बटाटा हिरवा होतो. शुद्ध विज्ञान! मेलेल्या बॅटरीत एवढी धुगधुगी असतेच. आता गल्लीतली पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. विश्वजीत बटाट्याकडे टक लावून बसला. माणसं विश्वजीतकडे टक लावून बसली.

"मास्तर," जगन म्हणाला, "या टोकाची पट्टी बगा, बॉडीला नटानं आवलली हाय. म्हंजी ही काली."

"थांबा हो! मत नको, पुरावा हवा!"

सहा मिनिटांनी पुराव्याने जगनच्या बाजूने निकाल दिला. बटाटा दुसऱ्या टोकाला हिरवा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या बटाट्यासाठी होत्या.

तरीही विश्वजीतने पद्धत सोडली नाही. लाल आधी गाडीच्या प्लसला, मग टेम्पोच्या प्लसला. काळी टेम्पोच्या मायनसला. शेवटचा चिमटा जगन सरळ बॅटरीकडे न्यायला लागला तसा विश्वजीतने त्याचं मनगट धरलं. "बॅटरीला नाही! लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीतून गॅस निघतो. भडका उडेल!"

"आमी तं रोजच लावतो."

"म्हणून तर या देशात..." विश्वजीतने सुरुवात केली आणि त्याच्या नाकाला वास आला. तुपाचा, जळत्या वातीचा. आई निरांजन घेऊन बॅटरीवर वाकली होती.

"गाडी रुसलीय. पुन्हा एकदा ओवाळते."

"आई! लांब! गॅस!"

"गॅस मी बंद करून आलेय," आई म्हणाली, पण मुलाचा चेहरा बघून मागे झाली.

चिमटा इंजिनाच्या बोल्टला लागला. जगनने टेम्पो चालू केला, सगळे पाच मिनिटं थांबले, किल्ली फिरली, आणि फियाट खोकत खोकत उठली. जगनने वायरी उलट क्रमाने काढल्या. (हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. विश्वजीतला तेही जरा लागलं.)

"वाटंत बंद करू नका, मास्तर."

"मला ठाऊक आहे!"

पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो आईवर, मांडवावर, देशावर चिडत होता. पुढे नुसता घड्याळावर. अकरा चौतीसला तो म्हात्र्यांच्या अंगणात शिरला, गाडी चालूच ठेवली, आणि ओटीवर जाऊन उभा राहिला. कमलाकर म्हात्रे झोपाळ्यावर बसले होते. स्नेहल दाराशी होती आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवत होती.

"चार मिंटं," म्हात्रे म्हणाले. मग अंगणाकडे बघितलं. "गाडी चालू का ठेवलीस? पलायचा इचार हाय?"

स्नेहलने मान हलवून 'काही सांगू नकोस' म्हटलं. पण विश्वजीतच्या आत सकाळपासून साचलेलं होतं. त्याने सगळं सांगितलं. दिवे, मांडव, बटाटा, निरांजन. आवाज चढवून सांगितलं, हातवारे करून सांगितलं. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण मागणी घालायला आलो होतो, आणि आपण त्यांना बॅटरी शिकवली.

म्हात्र्यांनी पायाने एक झोका घेतला.

"कुंकवावर तुजा इश्वास नाय?"

"नाही," विश्वजीत म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"मंग पुसलंस का नाय?"

विश्वजीतचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. "आई समोर होती," तो म्हणाला.

म्हात्र्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "स्नेहल, पेनच्या मंडलींना निरोप धाड, आज येऊ नका म्हनावं." मग विश्वजीतकडे वळून, "पोरगी तुला दिली. पन वरात वाजतगाजत निगंल, आनि वरातीची गाडी आमची."

"वरात?" विश्वजीत उसळला. स्नेहलने कपाळावर हात मारला. "माफ करा, पण बँडबाजा आणि वरात या उधळपट्टीला माझा तत्त्वतः विरोध आहे! नोंदणी पद्धतीने, दोन साक्षीदारांच्या..."

अंगणात फियाटने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. सकाळपासून पेट्रोलचा काटा कोणीच बघितला नव्हता.



"स्नेहल," म्हात्रे म्हणाले, "ह्यांना जेवाय वाढ. नि बैल जुंपाय सांग. जावयाची वरात निगतेय, पेट्रोल पंपापत्तुर."